जुनं शिलाई मशीन: बघण्यापासून पहिल्या टाक्यापर्यंत

चाक फिरत नाही, म्हणून मशीन मेलं असं समजू नका. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या बिडाच्या मशीनचं चाक अडतं ते बहुतेक वेळा सांध्यांतलं तेल वाळून त्याचा डिंक झाल्यामुळे. आतलं लोखंड शाबूत असतं. उलट ज्या मशीनांचं खरोखर वाटोळं झालेलं मी पाहिलं, ती पडून राहून बिघडलेली नव्हती. कोणीतरी मोठ्या हौसेनं ती नवीकोरी करायला घेतली होती. त्यातलं एक माझंच होतं. त्याची कथा पुढे येईल.

ज्यांनी आजवर मशीनचा एकही स्क्रू सैल केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्रम असा: आधी नीट बघायचं, मग तेल, मग टाका. चकाकी सगळ्यात शेवटी, आणि तीही जमली तर.

टाका कसा पडतो

घरगुती मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई कापडाखाली जाऊन जराशी वर यायला लागते, तेव्हा तिच्या बाजूला दोऱ्याचा छोटासा फास सुटतो. नेमक्या त्या क्षणी बॉबिनजवळच्या शटलचं किंवा हुकाचं (फास पकडणाऱ्या भागाचं) टोक त्या फाशात शिरतं, तो मोठा करतं आणि खालच्या दोऱ्याभोवतून काढतं. मग दोरा ओढणारी दांडी वर जाते, फास आवळला जातो आणि दोन्ही दोऱ्यांची गुंतवण कापडाच्या दोन थरांमध्ये जाऊन बसते. टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा ही जोडी एलियास हाऊनं १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट करून घेतली. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. कापड सरकवणाऱ्या दात्यांची वर, मागे, खाली, पुढे अशी चार चालींची हालचाल अ‍ॅलन विल्सनची, १८५४ची. तुम्ही आणलेलं मशीन कोणत्याही कारखान्याचं असलं, तरी त्याच्या पोटात बहुधा हेच चाललेलं असतं.

हे एकदा डोळ्यांसमोर आलं की दुरुस्तीतली निम्मी भीती जाते. टाका सुटतो म्हणजे हुकाला फास सापडत नाही. खाली दोऱ्याचं जाळं होतं म्हणजे वरचा दोरा आवळला जात नाही. कापड जागचं हलत नाही म्हणजे दात्यांचं काहीतरी. बिघाड शोधायला यापलीकडे फार मोठं ज्ञान लागत नाही.

पहिलं मशीन कोणतं घ्यावं

जुन्या मशीनांची ओळख वरच्या नक्षीवरून न करता पोटातल्या रचनेवरून करावी. आडवी सरकपट्टी उघडली आणि आत होडीच्या किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लांबट शटल दिसलं, त्यात पेन्सिलीच्या तुकड्यासारखी लांब बॉबिन असली, तर ते झुलत्या शटलचं मशीन. सिंगर कंपनीचे २७, २८, १२७ आणि १२८ हे क्रमांक या जातीचे. दिसायला देखणी, आवाजाला गोड, पण शटल किंवा बॉबिन हरवलेली असेल तर शोधताना दमछाक होते.

बॉबिन गोल असेल तर काम सोपं. सिंगरच्या १५ क्रमांकाच्या जातीत ती डाव्या टोकाला उभी बसते. ६६ आणि त्याच्या धाकट्या भावात, म्हणजे ९९ मध्ये, ती वरून आडवी ठेवतात. दोन्ही बॉबिन हातात घेतल्यावर सारख्या वाटतात, पण १५ची सपाट असते आणि ६६ची जराशी फुगीर. एकमेकींच्या जागी त्या चालत नाहीत. नवख्यांचा अर्धा मनस्ताप इथूनच सुरू होतो.

माझं मत विचाराल, तर पहिलं मशीन १५ जातीचं घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कारखान्यांनी याच रचनेच्या नकला अमाप काढल्या आणि त्यांवर नाना नावं चिकटवली. त्यामुळे सुई, बॉबिन, बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी), फूट (कापड दाबून धरणारा पाय) सगळं आजही नवं मिळतं. नकला म्हणून त्यांना नाक मुरडणारे संग्राहक आहेत. मुरडू देत. त्यांतली कित्येक मूळ मशीनांइतकीच भक्कम आहेत.

सुरुवातीला टाळावं असं काय? सिंगरचं १२ क्रमांकाचं मशीन १८६५चं, फार सुंदर, पण त्याची सुई वेगळ्याच मापाची आणि ती आता सहज मिळत नाही. विलकॉक्स अँड गिब्ज कंपनीचं मशीन एकाच दोऱ्यानं साखळी टाका घालतं. त्यालाही खास त्याचीच सुई लागते. सुरुवातीच्या काही ६६ मशीनांवर फूट बाजूऐवजी मागच्या अंगानं बसतो, म्हणजे बाजारातले नेहमीचे फूट तिथे लागत नाहीत. आणि १९३३ मध्ये आलेलं सिंगर २२१, ते सुमारे ५ किलो वजनाचं ॲल्युमिनियमचं फेदरवेट, सगळ्यांनाच हवं असतं. म्हणून ते महाग असतं. शिकण्याच्या चुका त्याच्यावर करू नका.

बघायला जाताना

सोबत एक टॉर्च, एक जुना फडका, नेहमीच्या मापाची नवी सुई, थोडा दोरा आणि कापडाचा तुकडा न्या. दाखवणाऱ्याला आधी विचारा, मगच चाकाला हात लावा. चाक आपल्याकडे फिरवायचं. सिंगरची मशीनं अशीच फिरतात, काही जुनी दुसरी मशीनं उलटी फिरतात. अडलं तर जोर करू नका. थोडं मागेपुढे हललं तरी ते चांगलं लक्षण. अजिबात हललं नाही तर सुईखालची सरकपट्टी उघडून आत दोरा अडकलाय का ते बघा. कधीकधी सगळा रोग तेवढाच असतो.

मग नसलेल्या वस्तू मोजा. शटल किंवा बॉबिन केस आहे का? सरकपट्ट्या आहेत का? टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या आणि त्यावरची बारीक तारेची स्प्रिंग? सुई धरणारा स्क्रू? गंजलेली वस्तू साफ होते, नसलेली वस्तू शोधावी लागते. म्हणून वरून कळकट पण सगळे अवयव जागेवर असलेलं मशीन हे चकचकीत पण शटल नसलेल्या मशीनपेक्षा केव्हाही बरं. बिडाला तडा गेला आहे का, ते खास बघा. विशेषतः बिजागरीजवळ आणि खांब तळाला मिळतो तिथे. बीड वाकत नाही, तुटतं. तुटलेल्याला नवख्याकडे उपाय नाही.

क्रमांक लिहून घ्या. सिंगरवर तो बहुधा तळाच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९००च्या आधीचं, पुढे एक किंवा दोन अक्षरं असतील तर त्यानंतरचं. अक्षरावरून कारखानाही कळतो. 'वाय' असेल तर स्कॉटलंडमधलं क्लाइडबँक, 'जी' असेल तर अमेरिकेतलं एलिझाबेथ. मात्र हे क्रमांक कारखान्याला गठ्ठ्यानं वाटून दिलेले असत. म्हणून नोंदीत जी तारीख सापडते ती गठ्ठा दिल्याची, मशीन तयार झाल्याची नव्हे. आणखी एक फसगत '१८५१-१९५१' असं लिहिलेल्या पट्टीची. ती सिंगरच्या शताब्दीची खूण. तिच्यावरून मशीन १८५१चं आहे असं सांगणारे भेटतात, आणि मनापासून सांगतात.

सिंगरची मशीनं लाखोंनी निघाली. जुनं म्हणजे दुर्मीळ असा हिशेब इथे लागत नाही. भावाचं वेड कसं चढतं ते २००९ मध्ये सौदी अरेबियात दिसलं. जुन्या सिंगर मशीनांत 'लाल पारा' असतो आणि त्याची किंमत अफाट असते, अशी अफवा उठली आणि लोकांनी काळ्या मशीनांसाठी वाट्टेल ते पैसे मोजले. मोबाइल मशीनजवळ नेला आणि त्याची रेंज गेली की पारा आहे, अशी परीक्षासुद्धा ठरली होती! मशीनमध्ये बीड, पोलाद, निकेल आणि तेल असतं. कुठल्याही रंगाचा पारा त्यात नसतो.

घरी आणल्यावर पहिला दिवस

डोकं, म्हणजे टेबल सोडून वरचं मशीन, उचलताना दोन्ही हात लावा. पूर्ण आकाराच्या बिडाच्या मशीनचं नुसतं डोकंच दहा किलोंच्या वर भरतं. चाकाला किंवा सुईच्या दांडीला धरून उचलू नका. पायमशीनच्या टेबलातून काढायचं असेल तर आधी पट्टा उतरवा, मग मागच्या बिजागऱ्यांचे दोन स्क्रू सैल करा.

पहिल्या दिवशी साफसफाई नको. फोटो काढा. वरून, खालून, डाव्या टोकाचं झाकण उघडून, मागची गोल पट्टी काढून, टेन्शनचे चारही बाजूंनी. आठ दिवसांनी एक चकती हातात घेऊन 'ही कुठली?' असा प्रश्न पडतो, तेव्हा हेच फोटो कामी येतात. निघालेला प्रत्येक स्क्रू एका ताटलीत ठेवा आणि त्याच्या जागेचं नाव लिहा. सिंगरचे बरेच स्क्रू त्यांच्या स्वतःच्या आट्यांचे असत. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दिसायला तसाच असला तरी आत शिरत नाही, आणि शिरवलात तर आटे जातात. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरेल असंच घ्या. अर्धवट बसणारं पातं खाच खाऊन टाकतं, आणि मग तो स्क्रू कायमचा तिथला रहिवासी होतो.

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. शिलाई मशीनचं पातळ, बिनरंगाचं तेल, थोडं रॉकेल, जुने सुती फडके, कापसाच्या काड्या, दात घासायचा जुना ब्रश, दोन-तीन मापांचे चांगले स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा आणि हेअर ड्रायर. स्वयंपाकाचं तेल चुकूनही नको. ज्या डिंकाशी आता झुंजणार आहात, तो बऱ्याचदा त्याचाच असतो. गंज सोडवायचे फवारे जाम सांधा सोडवायला ठीक, पण ते वंगण नव्हेत. काम झालं की पुसून वर मशीन ऑइल घालावंच लागतं.

जाम झालेलं मशीन सोडवणं

इथे घाई केली की सगळं फसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे तेलाचा थेंब हवा. वरच्या भागात लहान लहान भोकं दिसतील, ती तेलासाठीच केलेली. डाव्या टोकाचं झाकण काढलं की सुईची दांडी, फूट दाबणारी दांडी आणि दोरा ओढणारी दांडी दिसते. तिघींचे सगळे सांधे भिजवा. मागच्या गोल झाकणातून आत लांब दांडा दिसेल, त्याचे सांधे भिजवा. मग मशीन मागे कलंडवून पोटातला प्रत्येक सांधा. प्रत्येक ठिकाणी एक-दोन थेंब पुरेत. मग चाक बोटभर पुढे, बोटभर मागे, आणि उद्यापर्यंत तसंच सोडा. उद्या पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाक अचानक थोडं जास्त फिरतं. त्या वेळचा आनंद ज्यानं घेतला, तो दुसरं मशीन आणतोच.

तेवढ्यानं भागलं नाही तर ऊब द्या. अडलेल्या सांध्यावर हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं धरला की वाळलेलं तेल पातळ होतं. लगेच नवं तेल घालून चाक हलवा. त्यानंतरही अडलं तर रॉकेलचे थेंब. पण रॉकेल आणि हेअर ड्रायर एकाच वेळी कधीच नाही. रॉकेल वापरायचं तेव्हा खिडक्या उघड्या, आसपास आच नाही, वाफ नाकात नाही, आणि भिजलेले फडके बोळा करून न ठेवता उघड्यावर वाळवायचे. रॉकेल चिकटा धुऊन नेतं, त्याबरोबर वंगणही नेतं. म्हणून तपकिरी पाणी वाहायचं थांबलं की पुसून पुन्हा सगळीकडे तेल.

सांधा सुटत नाही म्हणून हातोडी आणि पकडीची आठवण येते. ती आली की कामच बंद करून उठा. चाकाला पकड लावून जोर केला तर आतला एखादा दांडा वाकतो, आणि जे काम तीन दिवसांत झालं असतं ते कधीच होत नाही.

अडण्याची एक जागा फसवी असते. चाकाच्या मधोमध एक गोल गुंडी असते. बॉबिन भरताना ती सैल करतात, म्हणजे चाक फिरतं आणि सुई थांबते. तिथलं तेल वाळलं की गुंडी सैल करूनही सुई हलतच राहते. गुंडीवरचा छोटा स्क्रू थोडा सैल करा, गुंडी काढा, आतली कान असलेली चकती बाजूला ठेवा आणि चाक ओढून काढा. दांडा आणि चाकाचं भोक रॉकेलनं पुसा, तेल लावा, परत बसवा. बसवल्यावर गुंडी नीट सुटत नसेल तर चकती अर्धा फेरा फिरवून लावून बघा. दहा जणांना विचारून मग मला हा अर्धा फेरा कळला होता.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. सुईची दांडी जिथे धरलेली असते तो स्क्रू आणि पोटातल्या दांड्यांवरच्या जाड गोल भागांचे स्क्रू सैल करू नका. सुई किती खाली जावी आणि हूक केव्हा यावा, हे त्यांवर ठरतं. आधी नीट शिवत असलेल्या मशीनचं हे गणित आपोआप सहसा बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या हातानं.

काळा रंग आणि सोनेरी नक्षी

आता माझी कथा. पहिलं मशीन आणलं ते २७ जातीचं, स्फिंक्सच्या चित्राचं. काळ्यावर पिवळट तपकिरी थर चढला होता. घरात स्पिरिट होतं. फडका भिजवून मी जोरात पुसलं, आणि फडका पिवळा झाला. वाटलं, काय घाण निघतेय! फडका उलटला, आणखी पुसलं, तेव्हा त्यावर सोनं चमकलं. स्फिंक्सचं तोंड निघून आलं होतं.

घाण म्हणून मी जे काढलं, ते लाखेचं संरक्षक आवरण होतं. जुन्या मशीनवर तळाला डांबरयुक्त काळा थर, त्यावर चिकटवलेली नक्षी आणि सगळ्यांवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे फ्रेंच पॉलिश करणारा कोणीही सांगेल. म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं अमोनियाचं द्रव्य, भांडी घासायची पावडर, सगळं बाद. पाणीही नको. वरचा थर झिजलेला असला तर ओलाव्यानं नक्षी पांढुरकी पडते.

मग पुसायचं कशानं? मशीनच्याच तेलानं. कापसाच्या काडीवर तेल घ्या, मागच्या बाजूला न दिसणाऱ्या कोपऱ्यात लहानशा जागी घासून बघा. काडी काळी किंवा तपकिरी झाली तर ती घाण. सोनेरी झाली तर थांबा. परीक्षेत पास झालं तर तेल लावून तासभर मुरू द्या, मऊ फडक्यानं टिपून घ्या, पुन्हा लावा. नक्षीवर गोल गोल घासू नका, टिपत जा. दोन-तीन संध्याकाळी लागतील. नक्षी जिथे आधीच गेली आहे तिथे ती नव्यानं चिकटवायचा मोह होतो. मी तसं करत नाही. ज्या बाजूला शिवणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं टेकत होता, त्याच बाजूची नक्षी झिजलेली असते, आणि ते मला आवडतं. तुमची आवड वेगळी असू शकते, पण निदान सहा महिने तसंच वापरा आणि मग ठरवा.

निकेलच्या चकचकीत भागांवर गंजाचे ठिपके असतील तर तेलात भिजवलेलं अगदी बारीक, ०००० क्रमांकाचं स्टील वूल हलक्या हातानं फिरवा. ते काळ्या रंगाला लागू देऊ नका, आणि काम झाल्यावर त्याचे तुकडे मशीनच्या पोटात राहिलेले नाहीत ना ते बघा. मुलामा निघून खालचं लोखंड उघडं पडलं असेल तर घासत बसू नका, तेलाचा हात फिरवून सोडा.

सुईखालचा भाग

सुईपट्टी काढली की दात्यांमध्ये राखाडी नमद्यासारखा थर दाबून बसलेला दिसेल. धागे, सूत, धूळ आणि तेल यांची ती पैदास. चिमट्यानं आणि ब्रशनं सगळं काढा. दात्यांच्या मधल्या खाचांतून लाकडी काडी फिरवा. टाका लहानमोठा होतो, कापड अडखळतं, अशा पुष्कळ तक्रारी एवढ्यावरच मिटतात. सुईपट्टीचं भोक बोटाच्या टोकानं चाचपून बघा. सुया आपटून तिथे खरखर आली असेल तर दोरा तुटत राहील. अगदी बारीक पॉलिश कागदाची पुंगळी भोकात हलकेच फिरवली तर ती जाते.

मग हूक. १५ जातीत बॉबिन केस काढल्यावर बाहेरची कडी येते. काही मशीनांत तिला दोन कळा असतात, काहींत स्क्रू. कडी काढली की अर्धचंद्रासारखा हूक हातात येतो. त्याच्या वाटेत अडकलेला जुना दोरा काढा, गोल वाट पुसा, एक थेंब तेल घाला. लांब शटलच्या मशीनमध्ये शटल ज्या पाळण्यात बसतं तो पाळणा पुसा, आणि शटलवरच्या पातळ स्प्रिंगखाली अडकलेला धुळीचा कण कागदाच्या टोकानं काढा. त्या स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण काढू नका. तो जमिनीवर पडला तर नुसत्या डोळ्यांना सापडत नाही.

टेन्शन

वरचं टेन्शन बिघडलंय असं वाटलं तर आधी एकदा दोरा नव्याने ओवा, आणि तो फूट वर करून ओवा. फूट वर असतो तेव्हाच चकत्या उघडतात. फूट खाली ठेवून ओवलेला दोरा चकत्यांच्या मध्ये न बसता कडेवर राहतो आणि मग खाली जाळं होतं. टेन्शनच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी एवढंच सांगून परत पाठवलं आहे.

उघडावंच लागलं तर निघणारी प्रत्येक गोष्ट फडक्यावर निघाली त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडा. दोन चकत्या असतात. त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे असायला हव्यात. त्या पुसा, गंज काढा. मधली खिळी फूट उचलल्यावर चकत्यांवर दाब येऊ देत नाही, ती सरकते का ते बघा. बारीक तारेची स्प्रिंग सुई खाली जाताना दोरा सैल पडू देत नाही. तिचा बाक तोच राहू द्या.

जुळवणीसाठी वर एका रंगाचा, खाली दुसऱ्या रंगाचा, पण एकाच जातीचा दोरा घ्या. वरून खालचा रंग दिसत असेल तर वरचं टेन्शन सैल करा. खालून वरचा रंग दिसत असेल तर घट्ट करा. खालच्या केसची परीक्षा सोपी: केसमधून आलेला दोरा धरून केस लटकवा. स्वतःच्या वजनानं सरसर खाली गेली तर सैल, हलकासा झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर बरोबर. केसवरचा स्क्रू फिरवायचाच असेल तर घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतका.

सुई आणि पहिला टाका

आपल्या मशीनला कोणती सुई लागते हे पुस्तिकेवरून किंवा क्रमांकावरून नक्की करा. १५, ६६, ९९ या जातींना आजची नेहमीची घरगुती सुई चालते, जिच्या पाकिटावर १५×१ किंवा १३०/७०५ असं लिहिलेलं असतं. मध्यम सुती कापडाला ९०/१४ जाडीची घ्या, पातळ कापडाला ८०/१२ किंवा त्याहून बारीक. मशीनमध्ये सापडलेली सुई फेकून द्या. ती कितीही सरळ दिसो.

सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, आणि वरच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते. दोरा ज्या बाजूनं ओवायचा त्या बाजूला लांब खाच, आणि हुकाकडे सपाट बाजू. कोणत्या बाजूनं ओवायचा ते सुईच्या वरच्या शेवटच्या दोरामार्गदर्शकाकडे बघून कळतं. सुई उलटी बसली तर एकही टाका पडत नाही आणि माणूस मशीनला शिव्या देतो. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा.

आधी दोरा न घालता कागद शिवून बघा. भोकं सरळ आणि सारख्या अंतरावर पडली म्हणजे दाते ठीक. मग दुहेरी सुती कापड घ्या, दोन्ही दोरे फुटाखालून मागे ओढून धरा, आणि पहिले दहा टाके हातानं चाक फिरवून घाला. आवाजाकडे कान ठेवा. चांगलं वंगण घातलेल्या जुन्या मशीनचा टकटक आवाज एका लयीत येतो. मध्ये खट् झालं तर थांबा आणि सुई हुकाला लागतेय का ते बघा. टाके सुटत असतील तर सुई बदला, मग सुईची दिशा बघा, मग दोरा. एवढं करूनही सुटत असतील तरच हुकाच्या वेळेचा विचार, आणि त्यासाठी जाणत्या कारागिराच्या शेजारी बसा.

पायमशीनचा पट्टा, आणि विजेचं मशीन

पायमशीनला गोल चामड्याचा पट्टा लागतो, साधारण ५ मिलिमीटर जाडीचा. चाकांवरून दोरी फिरवून माप घ्या, पट्टा त्याहून थोडा लांब कापा, टोकांना भोक पाडा, तारेची कडी ओवून पकडीनं दाबा. चामडं पहिल्या काही दिवसांत सैल पडतं, तेव्हा पुन्हा कापावं लागतं. फार घट्ट केला तर पाय जड चालतो. खालच्या लोखंडी सांगाड्याचे सांधे, पायडलचे दोन्ही टोकांचे टेकू आणि चाकाचा दांडा यांना तेल द्यायला विसरू नका. सगळे लक्ष वर देतात आणि खाली कुरकुर सुरू राहते. दोरा न घालता चार-पाच दिवस नुसतं पायडल मारा. चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, आणि ती सवय पायालाच लागावी लागते.

विजेच्या मोटारीचं मशीन असेल तर आधी वायर बघा. जुन्या रबराचं आवरण वाळून भुगा होतं आणि आतली तार उघडी पडते. अशी वायर लावून 'चालतं का बघू' म्हणू नका. मोटार किती व्होल्टची ते पट्टीवर वाचा. ११० व्होल्टची मोटार २३० व्होल्टवर लावली तर धूर निघतो. मोटार पायानं चालवायच्या काही जुन्या पायकळांत रेडिओचा खरखराट थांबवायला बसवलेला कपॅसिटर असतो. तो गेला की पाय न लावता मशीन आपोआप धावायला लागतं. उठताना प्लग काढायची सवय म्हणूनच हवी. वायरिंग जाणकाराकडून नवं करून घ्या. इथे काटकसर नको.

संग्रह वाढू लागला की

एक आलं की दुसरं येतं. मी प्रत्येक मशीनसाठी वहीत एक पान ठेवतो: क्रमांक, सुईचं माप, बॉबिनची जात, कुठे काय केलं, कोणता स्क्रू कुठून आणला. पान लिहिल्याशिवाय पुढचं मशीन उघडायचं नाही, असा नियम मी स्वतःवर घातला आहे आणि दोनदा मोडलाही आहे. दोन्ही वेळा पस्तावलो. मोडकं मशीन सुट्या भागांसाठी घेणं शहाणपणाचं, पण ते दुरुस्तीच्या मशीनच्याच जातीचं असलं तर.

ठेवताना कोरडी जागा, सुती कापडाचं आवरण. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत अडकते. फुटाखाली जाड सुती कापडाची घडी ठेवून फूट खाली करा. ओघळलेलं तेल ती टिपून घेते. महिन्यातून एकदा प्रत्येक चाकाला चार-पाच फेरे द्या, आणि ज्याचे फेरे जड वाटतील त्याला त्याच दिवशी दोन थेंब तेल घाला.